दोन मिनिटं चालू ठेवा

लिंबाजीनं किल्ली फिरवली आणि देवगाव फाट्याच्या जरा अलीकडं, भर रस्त्यात, इंजिन बंद केलं. तेही असं एकाएकी, की शेजारी बसलेला गुरुपाद ताडकन पुढं सरकला. सकाळी परभणी सोडल्यापासून गाडी नुसती पळत होती. मागच्या सीटवर आणि डिकीत वाळूची पोती ठासलेली, बाहेर वैशाखाचं ऊन, डांबर पाघळून चाकांना चिकटतंय, आणि चढ असो की सपाटी, लिंबाजीचा पाय दाबलेला तो दाबलेलाच. तसं त्याला सांगितलंच होतं. या सगळ्या घरघरीच्या वर सकाळपासून एक बारीक शीळ चालली होती. दुसऱ्या कुणाला ती ऐकूही आली नसती. गुरुपादला मात्र गेली सहा वर्षं झोपेतसुद्धा दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ती शीळ आता उतरत उतरत गेली आणि नाहीशी झाली. "अहो, चालू करा, चालू करा!" म्हणत त्यानं स्वतःच किल्लीकडं हात टाकला. लिंबाजीनं आपला रापलेला पंजा किल्लीवर ठेवला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मयत हाय."

खरंच होती. शेतातल्या गाडवाटेनं वर येऊन माणसं रस्ता ओलांडत होती. पुढं मडकं धरलेला एक तरणा माणूस, मागं तिरडी, तिच्यामागं टाळ वाजवणारे चार म्हातारे आणि मग उन्हानं काळवंडलेला सगळा गाव. पलीकडून आलेला भुशाचा ट्रक इंजिन बंद करून उभा होता. त्याच्यामागं एसटी, तीही बंद. ट्रकच्या ड्रायव्हरनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुपादला काय हे माहीत नव्हतं? इथून जवळच्याच वालूरचा तो. पण पुण्यात इतकी वर्षं काढली की मयत व्हॅनमधून जाते आणि आपण सिग्नलला उभे असलो तर व्हॅनचा नंबर वाचतो. आपला हात किल्लीकडं गेला, तिरडी समोर असताना गेला, हे त्याला आता बसल्या जागी टोचायला लागलं. आणि त्याच वेळी, काय माणसाचं मन असतं बघा, बॉनेटखाली तापलेल्या लोखंडाची टकटक होत होती ती तो कान देऊन ऐकतही होता.

आता त्या शिळेचं सांगितलं पाहिजे, नाहीतर शहाणासुरता माणूस मयतीपुढं किल्लीला झोंबला कसा, हे कळायचं नाही. गुरुपाद ज्या पुण्याच्या मोटारकंपनीत इंजिनं आखायच्या कामावर होता, तिनं एकाच ओतीव ठोकळ्यावरून तीन इंजिनं काढायचं ठरवलं होतं. थोरलं साधं, टॅक्सीवाल्यांसाठी. मधलं जरा ताकदीचं. आणि धाकटं हे टर्बोवालं, ज्याच्यावर सगळ्यांचा जीव. ऑफिसात त्यांना तीन भावंडंच म्हणत. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन भिंगऱ्या. इंजिनातून सुटलेला जळता धूर एकीला फिरवतो, त्या जोरावर दुसरी बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते, आणि एवढ्याशा इंजिनाला पैलवानाची छाती येते. तो दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, त्याचीच ती शीळ, आणि घेतो तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत. पळून आलेली गाडी एकदम बंद केली की तेल यायचं थांबतं, दांडा मात्र तापलेलाच असतो. मग उरलंसुरलं तेल कढईत करपावं तसं जागच्या जागी करपतं, दांडा घासतो आणि एखाद्या वेळी खेळच खलास. म्हणून गाडी थांबली तरी दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मग बंद करायचं. यावर पक्का इलाज होता. दांड्याच्या घराभोवती पाणी खेळवायचं. पण तसं करायचं तर ठोकळ्यातच पाण्याला वाट पाडायची, म्हणजे ओतकामाचे साचे नव्यानं करायचे, म्हणजे गाडी वर्ष-दीड वर्ष मागं. मीटिंगमध्ये गुरुपादनंच टेबलावर हात आपटला होता. साच्यांना हात लावू नका, समोर एक पिवळी पट्टी चिकटवा, 'गाडी थांबल्यावर इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा', लोक शिकतील! ही उन्हाळ्याची चाचणी पार पडली की सोमवारी साच्यांना शेवटचा होकार जाणार होता. मग त्याला वाट पाहायची होती फक्त आपलं इंजिन रस्त्यावरनं हजारांनी पळताना बघायची.

परभणी जिल्हा त्यानंच निवडला. तापायचं तर आमच्याकडं या, असं तो पुण्यातल्या आपल्या वरिष्ठांना, आगाशेसाहेबांना, मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. ड्रायव्हरही इथलाच हवा म्हणून त्यानं हट्ट धरला. कंपनीचे ड्रायव्हर गुरुजींसमोर पाढे म्हटल्यासारखी गाडी चालवतात, गाडी विकत घेणारा माणूस तशी चालवत नाही. म्हणून जिंतूर लाइनीवर जीप मारणारा हा पन्नाशीचा लिंबाजी. पहिल्याच दिवशी लिंबाजीनं ती पिवळी पट्टी मोठ्यानं वाचली आणि खो खो हसला. "उभ्या गाडीला डिझेल पाजायचं? आमी उतारावर बी बंद करतो, साहेब." गुरुपादही हसला होता. "तुम्ही तुमच्या सवयीनं चालवा," असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. पट्टी होतीच की समोर, वाचता येणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं.

तिरडी रस्त्याच्या मधोमध आली. म्हातारी होती कुणी, पाय बारीक दिसत होते. टाळांचा आवाज काचेतून आत आला आणि गुरुपादला एकदम पीठ आठवलं, गरम पिठाचा वास. सिद्रामप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, पिठाची गिरणी वालूरच्या वेशीजवळ होती. ऑइल इंजिनवर चालायची, धुराड्यातून पुक् पुक् पुक् असा आवाज साऱ्या गावाला. वेशीतून मयत निघाली की अप्पा दळण अर्धवट टाकून इंजिन बंद करत. कुणाचीही असो, माडीवाल्याची असो की गावकुसाबाहेरची. बंद करणं सोपं होतं, पण परत हँडल मारून ते धूड चालू करायचं म्हणजे अप्पांच्या बंडीतून घामाच्या धारा लागत. बायका पाट्या घेऊन ताटकळत. कडूबाई नावाची एक फटकळ बाई होती, ती म्हणायची, "मयताच्या आधी मपली लेकरं मरतील की उपाशी!" आणि असं म्हणत डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून उभी राहायची. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या नावानं गावोगाव डोकी फिरली होती तेव्हा गुरुपाद सुट्टीवर आलेला होता. गावकुसाबाहेरची एक मयत निघाली. गिरणीत उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सिद्रामप्पा, यांच्यासाठी काहून बंद करायलाय?" अप्पांनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाले, "त्याला आवाज होतो रे बाबा." एवढंच. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं दळण तसंच उचलून घेऊन गेली ती कायमची. नव्या नोकरीच्या गुर्मीत असलेल्या गुरुपादला ते तेव्हा येडेपणाचं वाटलं होतं. आता या तापलेल्या गाडीत, घामानं पाठ सीटला चिकटलेली असताना, त्याला अप्पांच्या बोटांमधलं पीठ दिसत होतं.

आणि मग जे आठवायचं नव्हतं तेच आठवलं. मागच्या संक्रांतीनंतर अप्पा गेले. निरोप आला तेव्हा पुण्यात हे धाकटं इंजिन चाचणीघरात रात्रंदिवस फिरत होतं. आता थांबवलं तर सगळं पहिल्यापासून, असं सगळे म्हणत होते. पण थांबवता येत नव्हतं अशातला भाग नाही. थांबवता येत होतं. एक लाल बटण होतं आणि त्याच्या हाताशी होतं. त्यानं ते दाबलं नाही. इंजिन पास झालं, सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि मग तो गाडीत बसला. वालूरला पोचला तेव्हा अप्पांना कपाळी विभूती लावून, मांडी घालून मातीत बसवून झालं होतं, वरची माती सुकतही आली होती. अव्वा, म्हणजे त्याची आई शांतम्मा, रडली नाही, रागावली नाही. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "समद्या गिरण्या बंद व्हत्या रे. व्यंकटरावानं तर दिसभर चक्कीला हात लावला न्हाई." त्याला बरं वाटलं नाही. अप्पांच्या मयतीला सगळी इंजिनं बंद होती, एक सोडून. आणि ते एक त्याचं होतं. हे तो कुणाला बोलला नाही. बायकोला नाही, अव्वाला तर नाहीच नाही. पण गेले चार महिने शीळ ऐकताना आनंदाच्या पाठोपाठ काहीतरी कडू घशाशी यायचं, ते हेच होतं.

मयत पलीकडच्या शेतात उतरली. ट्रक सुरू झाला, एसटी सुरू झाली. लिंबाजीनं नमस्कार करून किल्ली फिरवली आणि गुरुपाद कान टवकारून बसला. गाडी वेगात आली, आणि आली! शीळ आली, तशीच बारीक, सुरेल, कुठं खरखर नाही की काही नाही. गाडी बाजूला घ्यायला लावून, दोन मिनिटं नुसती चालू ठेवून मग बंद करून त्यानं बॉनेट उघडलं, नळी काढून बोटानं भिंगरी हलवून पाहिली. तेल करपलेलं नव्हतं, दांडा मोकळा होता. वाचलो, म्हणायला हवं होतं. त्याऐवजी, भीती गेली की माणसाला राग येतो ना, तसा त्याला आला. "पट्टी वाचता येते ना तुम्हाला? दोन मिनिटं कळत नाहीत?"

"तुमीच म्हणले, सवयीनं चालवा."

"म्हणून भर रस्त्यात बंद करायची? मयत काय पळून चालली होती?" हे बोलून झालं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण तोंडातून गेलेलं गेलं. माघार घ्यायची तर आता आणखी लाज वाटणार, म्हणून तो म्हणाला, "उतरा. मी चालवतो."

लिंबाजी उतरून शेजारी येऊन बसला. बराच रस्ता गेल्यावर बाहेर बघत म्हणाला, "साहेब, मपलं नाव तिकडं कळवू नका. मला कामाला लावणारा एजंट म्हणला, चाचणी नीट झाली तर कंपनी पर्मनंट करती. जीपवरचा लंबर दुसऱ्याला देऊन आलोय मी."  गुरुपादनं नुसतं हूं केलं. गाडी दाबून वालूरकडं निघाली होती, रस्त्याच्या कडेचा धुरळा मागं उसळत होता, एका पुलाच्या कठड्यावर नामांतराच्या बाजूनं लिहिलेल्या घोषणेवर विरोधातली घोषणा आणि तिच्यावर पुन्हा बाजूची, असा चुन्याचा नुसता काला झाला होता. आपल्या हाताखाली गाडी कशी निगुतीनं पळते हे लिंबाजीला दिसावं, असं त्याला मधूनच वाटत होतं. मालकच की तो त्या इंजिनाचा.

वालूरला जेवायला थांबायचं ठरलेलंच होतं. शाळेवरून वळून गाडी दाराशी आली तर अव्वा उंबऱ्याबाहेर येऊन उभी. आवाज ऐकूनच आली असणार. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या लेकावरून ओवाळून टाकल्याशिवाय ती त्याला आत येऊ देत नसे. पण चालू यंत्राजवळ ती जायची नाही. गिरणीच्या पट्ट्यात एकदा अप्पांचं धोतर गुंतलं होतं, तेव्हापासूनचा तिचा नेम, इंजिन थांबल्याशिवाय पुढं पाऊल नाही. तशी ती थांबली. पायात काही नव्हतं. तापलेल्या फरशीवर ती एकदा हा पाय उचलत होती, एकदा तो, भाकरीचा हात वर धरून, आणि त्याच्याकडं बघून सगळ्या तोंडभर हसत होती. अप्पा गेल्यापासून एवढीशी झाली होती. "अव्वा, सावलीत हो, आलोच," असं म्हणावं, काच खाली करावी, असं गुरुपादच्या मनात आलंही. पण मनात येईपर्यंत हातानं किल्ली फिरवली होती.

शीळ उतरत गेली. अव्वा पुढं आली, भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळून तिनं लांब फेकला, डोळ्यांना पाणी लावलं. गार पाणी डोळ्यांत जात असताना तो ऐकत होता, शीळ कशी संपते ते. शेवटाला एक बारीकशी चर्र झाली. मान वळवून त्यानं लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजी समोरच्या माळवदावर बसलेल्या कबुतरांकडं बघत होता.

आंब्याचा रस होता, कुरडया होत्या. अव्वानं लिंबाजीला आग्रह करकरून वाढलं आणि विचारलं, "तुमी चालवता का ही गाडी? माझ्या लेकाला जपून न्या बाबा, त्याला लय फिकीर असती." लिंबाजी हसला, "तेच चालवायलेत, माय." गुरुपाद कुरडईचे नुसते तुकडे करत बसला. जेवून गाडीत बसला, चालू केली, पाय दाबला. शीळ नव्हती. तिच्या जागी पाट्यावर वाळू वाटल्यासारखा आवाज, आणि मागं निळ्या धुराचा लोट, असा की अव्वा पदर नाकाला लावून मागं सरली. धाकट्या भावंडाचा दम गेला होता. आता ती एक साधी, मरतुकडी गाडी होती, सेलूपर्यंत कशीबशी जाईल अशी.

गाव मागं पडल्यावर लिंबाजीनं विचारलं, "माझ्यानं झालं का, साहेब?"

उत्तर सोपं होतं. फाट्यानंतर शीळ स्वच्छ होती, भिंगरी मोकळी होती, त्यानं स्वतःच्या बोटानं पाहिली होती. जे झालं ते दारात झालं. एका शब्दाचं उत्तर होतं आणि तो शब्द त्याच्या जिभेवर होता. पण त्या शब्दामागं साचे होते, सोमवार होता, सहा वर्षं होती. मी बंद केली असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच. ज्यानं पट्टी लिहिली त्यालाच दोन मिनिटं थांबता आलं नाही, तर लोक काय कपाळ शिकणार? आणि ड्रायव्हरनं बंद केली म्हटलं तर काहीच येणार नाही. खोटंही नाही, केलीच होती त्यानं. हा माणूस स्वतःच समजून बसलाय की आपल्या हातून झालं. त्याला काय, जीप मिळेल परत. नाही मिळाली तर? मिळेल. अप्पांच्या वेळीही असंच वाटलं होतं, थोडाच वेळ तर आहे, अप्पा कुठं जाताहेत. हा विचार आला आणि गुरुपादनं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखायला लागली. तरीही सेलू येईपर्यंत तो शब्द त्यानं उच्चारला नाही. मागं निळा धूर, समोर ऊन. 

सेलूच्या बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथमधून त्यानं पुण्याला फोन लावला. काचेच्या खोक्यात पंखा नव्हता. बाहेर लिंबाजी गाडीला टेकून उभा होता, हातातला गमछा नुसताच पिळत. आगाशेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "गरम गाडी ड्रायव्हरनं बंद केली असणार. केली ना?"

"एकदा केली. फाट्यावर."

"मग झालं तर. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. त्याला आजच मोकळा कर, एजंटला मी सांगतो. नवा टर्बो रात्रीच्या गाडीनं निघेल. सोमवार हलता कामा नये, गुरुपाद. तुझंच इंजिन आहे."

गुरुपादनं काचेतून बाहेर पाहिलं. तुझंच इंजिन आहे, हे वाक्य ऐकायला तो सहा वर्षं जगला होता. "त्यानं नाही घालवलं, साहेब," तो म्हणाला. "त्यानंतर मी तपासलं होतं, ठीक होतं. मी घालवलं. घराच्या दारात मी बंद केली."

"तू? अरे, तू?"

"आई उन्हात उभी होती. अनवाणी."

 मग आगाशे म्हणाले, "हे मी डायरेक्टरांना सांगू?"

"सांगा. इथं मयत आली की गाडी बंद करतात, आई दारात आली की बंद करतात. त्यांचं काही चुकत नाही. आपल्या इंजिनाला ते सोसत नाही, ही चूक आपली. पट्टीनं भागायचं नाही. पाणीच खेळवावं लागेल."

"वर्ष गेलं म्हणून समज. आणि वर्षानंतर हे काम तुझ्याकडंच राहील, असं मी सांगू शकत नाही."

"कळलं," गुरुपाद म्हणाला. फोन ठेवला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. रडू येईलसं वाटत होतं, आलं नाही. इंजिन हातचं गेलं होतं. पण घशाशी यायचं ते कडू त्या क्षणी तरी आलं नाही, हेही खरं.

बाहेर येऊन त्यानं लिंबाजीला सांगून टाकलं, "तुमचं काम पक्कं राहील, मी बघतो. तुमच्यानं काही झालं नाही. माझ्यानं झालं."

"मला ठावं हाय," लिंबाजी म्हणाला. "फाट्यानंतर चांगली वाजत व्हती की. दारात तुमी बंद केली, मी बगितलं."

गुरुपादनं विचारलं, "मग मला विचारलं काहून, माझ्यानं झालं का म्हणून?"

लिंबाजीनं गमछा झटकून खांद्यावर टाकला. "तुमी काय म्हणता, बगावं म्हणलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. वालूरपासून सेलूपर्यंतचा सगळा रस्ता तो उत्तराची वाट बघत बसला होता.